बारीक तंगुसावर मोठा मासा काठापर्यंत कसा आणावा?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत तीन मोठे मासे गळाला लागूनही माझ्या हातून गेले आणि तिन्ही वेळा तंगूसच (गळाचा दोराच) तुटला. आपल्यापैकी जे बारीक तंगुसावर नियमित गरवतात, त्यांच्याकडून माझे नेमके काय चुकते आहे हे समजून घ्यावे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्याकडे सव्वादोन मीटरचा मध्यम मऊ रॉड आणि स्पिनिंग रीळ आहे. त्यावर 0.20 मिलिमीटर जाडीचा, 3 किलो ताणाचा नायलॉनचा तंगूस भरलेला आहे. जाड तंगूस वापरा, असा सल्ला मला अनेकांनी दिला आणि मी तो करूनही पाहिला; परंतु पाणी इतके नितळ आहे की 0.35 चा तंगूस लावला की मोठे मासे आमिषाच्या वीतभर अंतरापर्यंत येतात आणि तिथूनच मागे फिरतात. शिवाय पाच ग्रॅमचे आमिष जाड तंगुसावर लांब जात नाही. त्यामुळे बारीक तंगूस ही माझी हौस नसून गरज आहे.

पहिला मासा लागताक्षणी सुसाट धावला आणि दहा सेकंदांच्या आत सगळे संपले. दुसऱ्याने सत्तर-ऐंशी मीटर तंगूस ओढून नेला. स्पूल (रिळाची तंगूस गुंडाळलेली चाकी) रिकामा होत चाललेला पाहून मी ड्रॅग (ठरावीक ताणाला स्पूल फिरू देणारा रिळातला ब्रेक) आवळत गेलो आणि मासा खडकांच्या रांगेपलीकडे वळताच हातातला भार नाहीसा झाला. तिसऱ्याचे दुःख सर्वांत मोठे आहे. पंचवीस मिनिटांनी तो काठापासून तीन मीटरवर कुशीवर झालेला मला स्पष्ट दिसला. आता आलाच, अशा समजुतीने मी स्पूल हाताने घट्ट धरला आणि रॉड मागे घेतला. माशाने शेपटीचा एकच फटका मारला आणि तंगूस तुटला.

ड्रॅग मी रिळापाशी तंगूस हाताने ओढून अंदाजाने लावतो. मासा 3 किलोपेक्षा बराच जड असेल, तर तो 3 किलोच्या तंगुसावर येणे मुळात शक्य असते का, हेही कृपया सांगावे.

खोलडोह

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर मनाला पटले की बाकीचे समजणे सोपे जाते. 3 किलोच्या तंगुसावर 10 किलोचा मासा निश्चितपणे येऊ शकतो. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्यामुळे मासा पाण्यात जवळजवळ अधांतरी असतो, म्हणजे त्याचे वजन पाणीच पेलत असते. तंगुसावर येतो तो त्याच्या पोहण्याचा जोर, प्रवाहाचा रेटा आणि अचानक बसणारा हिसका. यांपैकी पहिले दोन आपण ढील देऊन सोसू शकतो. तंगूस तुटतो तो बहुतेक वेळा तिसऱ्यामुळे, आणि तो हिसका माशाइतकाच आपणही निर्माण करत असतो.

आता आकड्यांचा हिशेब मांडू. आपल्या तंगुसावर 3 किलो लिहिलेले आहे. नायलॉन पाणी शोषतो आणि भिजल्यावर त्याची ताकद साधारण दहा ते वीस टक्के घटते, म्हणजे हाती राहिले अडीच किलोच्या आसपास. गाठ बरी बांधलेली असेल तर ती मूळ ताकदीच्या ऐंशी टक्के टिकवते असे धरू, म्हणजे उरले 2 किलो. ज्याला आपण 3 किलोचा तंगूस म्हणतो, तो प्रत्यक्ष पाण्यात 2 किलोचा आहे. म्हणूनच ड्रॅग हा लिहिलेल्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच ठेवण्याचा प्रघात आहे. आपल्या बाबतीत तो पाऊण ते 1 किलो होतो. हा आकडा हाताच्या अंदाजाने कधीही बरोबर लागत नाही. ताणकाटा (ओढ किलोत दाखवणारा काटा) घ्या, तंगुसाचे टोक त्याच्या आकड्याला बांधा, दुसऱ्या कुणाला तरी तो धरून सावकाश चालायला सांगा आणि स्पूल फिरत असताना काटा कुठे स्थिरावतो ते पाहा.

हे करताना आणखी एक गोष्ट मुद्दाम बघा. स्पूल फिरू लागण्याच्या क्षणी काटा किती वर जातो आणि फिरू लागल्यावर किती खाली येतो? थांबलेल्या वस्तूला हलवायला चालत्या वस्तूपेक्षा जास्त जोर लागतो आणि ड्रॅगच्या वॉशरनाही (आतल्या घासणाऱ्या चकत्यांनाही) हाच नियम लागू आहे. चांगल्या स्थितीतल्या रिळात हा फरक जेमतेम जाणवतो. वॉशर वाळलेले, दबलेले किंवा मळलेले असतील तर काटा आधी दीड किलोवर उडी मारतो आणि मग 1 किलोवर बसतो. जाड तंगुसाला ती उडी कळतही नाही, बारीक तंगूस मात्र तिथेच जातो. काम संपल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून रीळ ठेवण्याची सवय लावा, म्हणजे वॉशर दबून चपटे राहणार नाहीत.

आपल्या दुसऱ्या माशाबद्दल. स्पूल रिकामा होऊ लागला की ड्रॅग आवळावासा वाटणे स्वाभाविक आहे, परंतु नेमकी तीच वेळ तो सैल करण्याची असते. ड्रॅग स्पूलच्या आसाला धरून ठेवतो आणि तंगूस मात्र स्पूलच्या कडेवरून ओढला जातो, त्यामुळे गुंडाळीचा व्यास जितका कमी होईल तितका तोच ड्रॅग तंगुसाला जड वाटतो. भरलेल्या स्पूलचा व्यास 44 मिलिमीटर असेल आणि ऐंशी मीटर गेल्यावर तो 33 वर आला असेल, तर ड्रॅगला हातही न लावता 1 किलोचा ताण 1.33 किलो झालेला असतो. व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट होतो. त्यात ऐंशी मीटर तंगूस पाण्यातून बाकदार होऊन ओढला जात असतो आणि त्याला पाण्याचा होणारा विरोध वेगळाच. हे सगळे आधीच चढलेले असताना आपण ड्रॅग आणखी आवळलात.

सरळगाठ

वरील हिशेबाशी मी सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. नेहमीच्या वापराचे तंगूस वेष्टनावर लिहिलेल्या ताकदीपेक्षा बऱ्याचदा जास्त ताण घेतात, कारण उत्पादक हातचे राखून आकडा छापतात. याउलट विक्रमांसाठी जो तंगूस वापरतात तो ठरलेल्या मर्यादेच्या आत तुटावा असाच बनवलेला असतो. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही 1939 साली स्थापन झालेली संस्था तंगुसाच्या वर्गांनुसार, म्हणजे 1, 2, 3, 4, 6, 8 किलो असे चढत जाऊन, विक्रम नोंदवते आणि तंगूस भिजवूनच त्याची चाचणी करते. तेव्हा आपल्या तंगुसाची खरी ताकद वेष्टनावरून ठरवू नये. अर्धा तास पाण्यात भिजवलेला तुकडा, नेहमीच्या गाठीसह, ताणकाट्याला बांधून तुटेपर्यंत ओढा. असे पाच तुकडे ओढा आणि सर्वांत कमी आलेला आकडा खरा माना.

मला मात्र आपल्याकडून आणखी एक माहिती हवी आहे, कारण तिच्याशिवाय पुढचे बोलणे अंदाजाचे ठरेल. तिन्ही वेळा तंगूस तुटल्यावर हातात आलेले टोक कसे दिसत होते?

नदीकाठ

टोके मी पाहिली होती, पण त्यांचा अर्थ लावला नव्हता. पहिल्या वेळी टोक वेटोळे झालेले होते, साधारण दोन सेंटिमीटर स्प्रिंगसारखे गोल गोल. दुसऱ्या वेळी शेवटचा हातभर तंगूस पांढुरका पडला होता आणि बोटांना खरखरीत लागत होता. तिसऱ्या वेळी टोक स्वच्छ होते, गाठीपासून सुमारे दीड मीटर वर तुटलेले, आजूबाजूला ओरखडाही नव्हता.

सरळगाठ

मग आपले तीन मासे तीन वेगवेगळ्या कारणांनी गेले आहेत.

वेटोळे झालेले टोक म्हणजे तंगूस तुटलाच नाही, गाठ सरकून सुटली. गाठीचे वेढे एकमेकांवरून घसरत जातात तेव्हा तंगुसाला तो पीळ पडतो. आपण कोणती गाठ बांधता हे लिहिले नाही, परंतु बारीक तंगुसावर दोनच गाठी मनापासून शिकाव्यात असे माझे मत आहे. पहिली पालोमार, जिच्यात दुहेरी तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून साधी गाठ मारतात आणि त्या फासातून अख्खा गळ काढून घेतात. दुसरी सुधारित क्लिंच, जिच्यात पाच-सहा वेढे देऊन टोक आधी डोळ्याजवळच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून परत घेतात. यांपैकी कोणतीही बांधा, पण आवळण्यापूर्वी ती ओली करा. कोरडी गाठ झटक्यात आवळली की घर्षणाने तंगूस तापतो आणि नायलॉन तापला की तिथेच कमजोर होतो. गाठीच्या लगत तंगूस किंचित कुरळा आणि धुरकट दिसला, तर ती गाठ भाजली आहे असे समजून कापून टाका आणि नव्याने बांधा. सावकाश, एकसारखा जोर लावून वेढे एकाशेजारी एक बसू द्यावेत, एकावर एक चढू देऊ नयेत. शेवटी टोक अगदी गाठीला लागून कापू नये, दोन मिलिमीटर राहू द्यावे.

आणखी एक घात तंगुसावर नकळत पडलेल्या साध्या गाठीने होतो. वाऱ्यात आमिष फेकताना अशी गाठ पडते आणि ती तंगुसाची ताकद जवळजवळ निम्म्यावर आणते. ती दिसली की त्याच्या वरून तंगूस कापून पुन्हा बांधणे एवढाच उपाय आहे. ती नखाने सोडवून पुढे जाऊ नये, कारण तिथला वाकलेला भाग पूर्ववत होत नाही.

दुसऱ्या वेळचे खरखरीत टोक खडकावर घासल्याचे आहे. त्यावर ड्रॅगचा उपाय नाही. शेवटचा दीड-दोन मीटर भाग, ज्याला लीडर म्हणतात, अधिक जाड फ्लुओरोकार्बनचा (नायलॉनहून वेगळ्या प्लास्टिकच्या तंगुसाचा) ठेवा. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) 1.33, फ्लुओरोकार्बनचा सुमारे 1.42 आणि नायलॉनचा त्याहून वर, 1.5 च्या पुढे आहे. हा आकडा पाण्याच्या अधिक जवळ असल्यामुळे फ्लुओरोकार्बन त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा पाण्यात कमी उठून दिसतो. 0.35 च्या नायलॉनला बिचकणारे आपले मासे 0.26 च्या फ्लुओरोकार्बनचा लीडर कदाचित स्वीकारतील; करून पाहण्यासारखे आहे. तो पाणी शोषत नाही आणि घसटही जास्त सोसतो. दर काही फेकींनंतर शेवटचा मीटरभर तंगूस दोन नखांमधून ओढून पाहा. जे डोळ्यांना दिसत नाही ते नखाला लगेच कळते. रॉडच्या कड्यांमधून कापसाचा बोळाही एकदा फिरवून घ्या. कडीला बारीक चीर असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकतो, आणि तीच चीर प्रत्येक फेकीत आपला तंगूस खरवडत असते.

तिसरे टोक स्वच्छ आहे, म्हणजे तिथे निव्वळ ताणाने तुटले. नायलॉन ताणला जातो आणि हा त्याचा दोष नसून आपला आधार आहे. चाळीस मीटर तंगूस बाहेर असताना तो दहा टक्के ताणला गेला तर हिसका गिळायला चार मीटर मिळतात. तीन मीटर बाहेर असताना मिळतात फक्त तीस सेंटिमीटर. मासा जितका जवळ, तितका तंगूस ताठ. काठाशी आलेल्या माशासाठी ड्रॅग पहिल्यापेक्षा थोडा सैल हवा आणि गरज पडलीच तर स्पूलच्या कडेवर एका बोटाने हलका दाब द्यावा, जो क्षणात काढून घेता येतो. आपण संपूर्ण हाताने स्पूल धरलात, म्हणजे ड्रॅग अस्तित्वातच राहिला नाही.

उजवाकिनारा

तंगूस, गाठ आणि ड्रॅग यांवर उत्तम लिहिले गेले आहे, परंतु मोठा मासा शेवटी रॉडच्या कोनाने आणि आपल्या पायांनी येतो, असे माझे ठाम मत आहे.

बहुतेक जण मासा लागला की रॉड उभा करतात आणि शेवटपर्यंत उभाच ठेवतात. असा रॉड माशाचे डोके फक्त वर उचलतो. त्याच्या पोहण्याच्या दिशेत काही फरक पडत नाही आणि तो शांतपणे आपल्या मार्गाने जात राहतो. रॉड पाण्याला समांतर, आडवा धरून मासा ज्या दिशेला जात आहे त्याच्या उलट बाजूला ओढा. मासा उजवीकडे जात असेल तर रॉड डावीकडे. मासा आपल्या डोक्यामागेच जातो, म्हणून डोके वळवता आले की अंग वळते, आणि प्रत्येक वेळी वळताना त्याला नव्याने जोर लावावा लागतो. त्याने दिशा बदलली की आपणही बाजू बदलायची, पण सावकाश, तंगूस क्षणभरही लोंबू न देता. तेवढ्याच 1 किलोच्या ताणाने, नुसत्या कोनामुळे, मासा निम्म्या वेळात दमलेला मी अनेकदा पाहिला आहे.

कोनाचा दुसरा परिणाम ताणावर होतो. रॉड वाकलेला असताना तंगूस प्रत्येक कडीवर घासत जातो आणि ते घर्षण ड्रॅगमध्ये मिळवले जाते. म्हणून मासा सुसाट धावतो तेव्हा रॉडचे टोक खाली, जवळजवळ त्याच्या दिशेने न्यावे. घर्षण कमी होते आणि तंगूस मोकळा सुटतो. धाव संपली की पुन्हा रॉड वाकवावा. माशाने पाण्याबाहेर उसळी मारली तर रॉडचे टोक झटकन त्याच्याकडे झुकवून क्षणभर ढील द्यावी, कारण हवेत पाण्याचा आधार नाहीसा होतो आणि ताणलेल्या तंगुसावर त्याचे सगळे वजन हिसक्यानिशी येते.

आता पायांविषयी. शक्य असेल तेव्हा काठाने चालत माशाच्या समोर, आणि वाहत्या पाण्यात त्याच्या थोडे खालच्या अंगाला जाऊन उभे राहावे. मग माशाला आपल्याशी आणि प्रवाहाशी, दोघांशीही झुंजावे लागते. तो आपल्या खालच्या अंगाला असेल तर उलट प्रवाह त्याच्या बाजूचा होतो, आणि सगळा भार बारीक तंगुसावर पडतो. आपल्याला खाली जाता येत नसेल आणि मासा सुसाट खाली निघाला असेल, तर एक उपाय आहे जो करताना धीर लागतो: ओढणे पूर्ण थांबवून तंगूस सैल सोडावा. सुटलेला तंगूस प्रवाहाबरोबर माशाच्याही खाली वाहत जातो, त्याचा बाक माशाला खालच्या बाजूने ओढू लागतो, आणि मासा त्या ओढीपासून दूर जाण्यासाठी पुष्कळदा वर, आपल्या दिशेने वळतो. हे दर वेळी साधत नाही. तंगूस संपत आलेला असताना मात्र हाच मार्ग उरतो.

रीळ फिरवण्याबद्दल एक सूचना. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहू नका. स्पिनिंग रिळाचे प्रमाण पाचास एक असेल, तर हँडलच्या प्रत्येक फेरीला तंगुसाला पाच पीळ पडतात आणि तंगूस एक इंचही आत येत नाही. दहा मिनिटांत तो असा पिळून निघतो की पुढच्या फेकीला गुंता ठरलेलाच. रॉड सावकाश मागे घ्यावा, मग तो पुढे झुकवत तेवढाच तंगूस गुंडाळावा, पुन्हा सावकाश मागे. रॉड घड्याळातल्या बाराच्या काट्यापलीकडे मागे कधी नेऊ नका; तिथे सगळा भार टोकाच्या बारीक भागावर येतो आणि रॉडच तुटतो.

शांतप्रवाह

वरील सर्व माहिती मोलाची आहे, परंतु मला माशाच्या बाजूनेही काही लिहावेसे वाटते, विशेषतः आपण मासा परत सोडत असाल तर.

पंचवीस मिनिटे हा मोठा काळ आहे. मासा जोराने झुंजतो तेव्हा तो मुख्यतः पांढऱ्या स्नायूंवर झुंजतो. हे स्नायू प्राणवायूशिवाय ताकद देतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल साठत जाते. झुंज जितकी लांबते तितके ते रक्तात आणि स्नायूंत वाढते, आणि त्यातून सावरायला माशाला तासन्‌तास लागतात. वरवर धडधाकट दिसणारा, हातातून पोहत गेलेला मासा काही तासांनी मरू शकतो. पाणी तापलेले असेल तर धोका दुहेरी असतो: गोड्या पाण्यात 10 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो, आणि माशाची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी बारीक तंगुसावर मोठ्या माशांच्या मागे लागू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जिथे मोठाच मासा येणार हे ठाऊक आहे, तिथे तंगूस त्याच्या तोलाचा असावा.

मासा सोडताना त्याला पाण्यातच ठेवून गळ काढावा, हात ओले करावेत, कल्ल्यांत बोटे घालू नयेत. तो सावरेपर्यंत तोंड प्रवाहाकडे करून हलकेच आधार द्यावा. पुष्कळ जण त्याला पुढे-मागे हलवतात. मागे ओढताना कल्ल्यांवरून पाणी उलटे जाते, म्हणून तसे करू नये.

खोलडोह

आपल्या काळजीचा मला आदर वाटतो आणि तापलेल्या पाण्याबद्दल तर मी पूर्णपणे सहमत आहे. परंतु बारीक तंगूस म्हणजे लांबलेली झुंज, हे समीकरण मला मान्य नाही. झुंज लांबते ती बहुधा भीतीमुळे. तंगूस तुटेल या धास्तीने माणूस ड्रॅग पाव किलोवर ठेवतो, मासा थांबला की स्वतःही थांबतो आणि दोघेही विश्रांती घेतात. त्या विश्रांतीत माशाचा दम परत येतो, आपल्याला मात्र काहीच मिळत नाही. ज्याने ताणकाट्यावर आपला ड्रॅग मोजला आहे, तो खात्रीने पूर्ण 1 किलो ताण अखंड ठेवू शकतो. मासा थांबताच दोन मीटर तंगूस वसूल करतो, पुन्हा आडवा ताण देतो. अशी झुंज निम्म्या वेळात संपते. लवचीक रॉड आणि मऊ सुटणारा ड्रॅग असेल तर 3 किलोचा तंगूस तेवढा ताण तासभरही सोसतो.

मात्र एक मर्यादा मी स्वतःसाठी ठरवली आहे. पंधरा मिनिटांत मासा एकदाही माझ्याकडे वळला नाही, तर मी रॉड सरळ त्याच्या दिशेने धरतो, स्पूल पकडतो आणि तंगूस गाठीपाशी तुटू देतो.

शांतप्रवाह

ही मर्यादा मला पटली. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्याने आत दाबून बसवलेला असेल, तर तोंडात राहिलेला गळही माशाला लवकर झटकून टाकता येतो. बारीक तंगुसावर तसा गळ आणखी एका कारणाने बरा: तो रुतायला कमी जोर लागतो. जाड तारेचा, मोठ्या काट्याचा गळ 1 किलोच्या ड्रॅगवर कठीण जबड्यात पुरेसा शिरतच नाही.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गेले दोन रविवार मी या उत्तरांवर घालवले, त्याचा वृत्तान्त देतो.

आधी ताणकाटा. माझा हाताच्या अंदाजाने लावलेला ड्रॅग 1.9 किलो निघाला आणि सुटताना काटा 2.4 पर्यंत गेला. भिजवलेल्या तुकड्यांपैकी सर्वांत कमजोर तुकडा गाठीपाशी 2.2 किलोला तुटला. म्हणजे स्पूल सुटण्यापूर्वीच तंगूस तुटावा, अशीच व्यवस्था मी करून ठेवली होती, आणि तरीही तिसरा मासा पंचवीस मिनिटे टिकला याचेच आता आश्चर्य वाटते. रीळ उघडल्यावर वॉशरवर जुने वंगण डिंकासारखे घट्ट झालेले आढळले. ते पुसून त्या वॉशरला चालणारे नवे वंगण अगदी पातळ लावले, तेव्हा सुरुवातीची उडी जवळजवळ नाहीशी झाली. ड्रॅग सरळ ओढीत 0.8 किलोवर ठेवला; रॉड काटकोनात वाकवून तोच मोजला तर 1.05 भरला. कड्यांचे घर्षण इतके असते यावर वाचून विश्वास बसला नव्हता, तो काटा पाहून बसला.

काल पहाटे पाणी थंड असताना एक मोठा मासा लागला. पहिल्या धावेत त्याने पन्नास मीटर तंगूस नेला आणि मी रॉड त्याच्याकडे झुकवून नुसता उभा राहिलो, जे आजवर मला कधीच जमले नव्हते. नंतर काठाने चालत त्याच्या खालच्या अंगाला गेलो आणि रॉड आडवा ठेवला. अकराव्या मिनिटाला तो पायांशी होता. तिथे मात्र माझी धांदल उडाली. जाळे मी त्याच्या शेपटीकडून घालायला गेलो, जाळ्याचा स्पर्श होताच त्याने उसळी घेतली आणि पुन्हा वीस मीटर गेला. या वेळी ड्रॅग सैल होता म्हणून तंगूस वाचला आणि मासा दुसऱ्या खेपेस आला. पाण्यातच गळ काढून त्याला सोडले. तोंड प्रवाहाकडे धरल्यावर मिनिटभरात तो स्वतःच्या जोरावर निघाला.

जाळे नेमके कसे धरावे, एवढेच विचारायचे राहिले आहे.

उजवाकिनारा

अभिनंदन. जाळे माशाकडे न्यायचेच नाही. मासा जाळ्यावर आणायचा. मासा पहिल्यांदा कुशीवर झाला की लगेच घाई करू नका, त्याची शेवटची धाव बहुधा अजून शिल्लक असते आणि ती जाळे किंवा आपली सावली दिसताच निघते. जाळे आधीच पाण्यात पूर्ण बुडवून, तोंड माशाकडे करून स्थिर धरा. गुडघ्यावर बसलात तर आणखी बरे, म्हणजे आपण त्याला कमी दिसाल. रॉडच्या लांबीइतकाच तंगूस बाहेर ठेवा, रॉड मागे आणि वर घेत माशाचे डोके पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊ द्या आणि त्याला डोक्याकडून जाळ्यावर सरकवा. मासा पुढे धावू शकतो, मागे नाही. डोके आत गेले की त्याची धाव जाळ्याच्या आतच जाते. डोके आत जाताच रॉडचा ताण सोडा आणि जाळ्याची कड वर उचला. त्यानंतर जाळे दांड्याने हवेत उचलू नका, कारण पाण्याबाहेर येताच माशाचे सगळे वजन परत येते आणि दांडा वाकतो. कड दोन्ही हातांनी धरून जाळे पाण्यातच काठाशी ओढून घ्या.

सोबत कुणी असेल तर जाळे त्याच्या हाती द्या, पण ते केव्हा उचलायचे हे रॉड धरणाऱ्यानेच सांगायचे, असे आधी ठरवून घ्या.